शिकाऊ उमेदवारी : कसब, करार व कायदा

'उमेदवार' हा शब्द हल्ली निवडणुकीच्या दिवसांतच काय तो आपल्या कानी पडतो. परंतु त्याचा एक जुना अर्थ आहे, आणि तोच आम्हांस येथे अभिप्रेत आहे. 'उमेद' हा शब्द फारसीतून आपल्या भाषेत आला व येथलाच होऊन राहिला. मनात काही आशा धरून जो एखाद्या कसबी माणसाच्या हाताखाली राहतो, अल्प वेतनावर काम करतो, आणि त्या कामातून विद्या मिळवून पुढे स्वतःच्या पायांवर उभा राहू पाहतो, तो उमेदवार. कायद्याच्या मराठीत त्यास 'शिकाऊ उमेदवार' म्हणतात.

ह्या विषयास शालेय वार्षिकात स्थान का द्यावे, अशी शंका कोणी घेईल. त्यास उत्तर एवढेच की, शालान्त परीक्षेचा निकाल लागला म्हणजे आमच्या वर्गांतील सर्वच मुले महाविद्यालयाची वाट धरीत नाहीत. कित्येक मुले वालीव, सातिवली, गोखिवरे येथील कारखान्यांत शिरतात. कित्येक पहाटेच्या गाडीने मुंबईच्या गोद्या व रेल्वेच्या कर्मशाळा गाठतात. जाताना त्यांच्या हाती गुणपत्रिका असते. परंतु आपण तेथे शिकावयास चाललो की राबावयास, हे त्यांस ठाऊक नसते. हा भेद ज्या कायद्याने केला आहे, त्याची ओळख विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस व्हावी, हाच ह्या लेखाचा हेतू होय.

कायद्यापूर्वीची उमेदवारी

कसब शिकण्याची सर्वांत जुनी शाळा म्हणजे घर. सुताराचा मुलगा बापाचा रंधा हाती घेऊन व सोनाराचा मुलगा भात्यापुढे बसून शिके. वसईच्या वाड्यांत राजेळी केळी वाळवून सुकेळी करण्याची विद्या अशीच एका पिढीकडून दुसरीकडे आली. पाचूबंदर, नायगाव, अर्नाळा येथील कोळीवाड्यांत जाळे विणण्याची व होडी सावरण्याची विद्याही तशीच आली. तिला ना पाठ्यपुस्तक होते, ना परीक्षा.

ह्या घरच्या शाळेतून केवढे मोठे कसब उभे राहू शकते, ह्याचे उदाहरण मुंबईच्या गोदीत आहे. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया हे सुरतेहून मुंबईस जहाजबांधणीसाठी आले. त्यांच्या मागे पुत्र, पौत्र व प्रपौत्र अशा पिढ्यान् पिढ्या त्याच कामावर मुख्य कारागीर म्हणून राहिल्या. जमशेटजी बमनजी वाडिया ह्यांच्या देखरेखीखाली १८१७ साली बांधून झालेले 'ट्रिंकोमाली' नावाचे सागवानी जहाज इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही पाण्यावर उभे आहे. पुढे वाफेचे युग आले, तेव्हा घरची विद्या पुरेशी नाही हे त्याच घराण्याने ओळखले. १८३८ साली जहांगीर नवरोजी व हिरजीभाई मेरवानजी हे दोघे चुलतभाऊ नौकाविद्येच्या अभ्यासासाठी विलायतेस गेले.

तथापि घरच्या शाळेस दोन मोठ्या मर्यादा होत्या. ज्याच्या घरी कसब नाही त्यास ती बंद होती. आणि ज्यास घरच नाही, त्या पोरक्या मुलाचा तर तेथे विचारच नव्हता. कायद्याचा प्रवेश झाला तो नेमका ह्या दाराने.

इंग्लंडातील अनुभव

आपल्या देशातील ह्या विषयाच्या पहिल्या कायद्याचे मूळ इंग्लंडात असल्याने तेथील इतिहास थोडक्यात पाहणे अवश्य आहे. राणी एलिझाबेथ पहिली हिच्या कारकिर्दीत, १५६३ साली, एक कायदा झाला. त्याअन्वये ठरावीक धंदा करू इच्छिणाऱ्यास आधी किमान सात वर्षे उमेदवारी करणे भाग पडले. करार झाला म्हणजे उस्तादाने विद्या, अन्न व आसरा द्यावा, आणि उमेदवाराने आज्ञेत राहून काम करावे, अशी परस्पर बंधने असत. हे बंधन १८१४ साली रद्द झाले.

पण दरम्यान यंत्रयुग सुरू होऊन 'उमेदवार' ह्या शब्दाचा मोठा दुरुपयोग झाला. अनाथ व दरिद्री मुले गाडाभर भरून कापडगिरण्यांत पाठविण्यात येत. कागदावर ती उमेदवार असत, प्रत्यक्षात ती स्वस्त मजूर होती. ह्यावर १८०२ साली पार्लमेंटाने एक कायदा केला. उमेदवार मुलांस दिवसास बारा तासांहून अधिक काम देऊ नये. रात्रपाळी बंद करावी. पहिली चार वर्षे त्यांस लिहिणे, वाचणे व हिशेब शिकवावा. वर्षास एक नवा पोशाख द्यावा. गिरणीच्या भिंतींस वर्षातून दोनदा चुना लावावा. मुलामुलींच्या निजण्याच्या खोल्या वेगळ्या असाव्यात, अशी त्यातील कलमे होती. त्याच १८०२ सालच्या अखेरच्या दिवशी आपल्या वसईत दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला. इतिहासाच्या तासाला आपण तो तह पाठ करतो. त्याच वर्षीचा हा दुसरा कागद मात्र आपल्या दृष्टीस पडत नाही.

बारा तासांची मर्यादा वाचून आज आपले मन कळवळते. मग मर्यादा घालण्यापूर्वी काय स्थिती असेल, ह्याची कल्पना वाचकांनीच करावी. शिवाय तपासणीची व्यवस्था दुबळी असल्यामुळे तो कायदा बव्हंशी कागदावरच राहिला. ह्यातून एक धडा मिळतो, तो पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे : शिकणे व राबणे ह्यांतील सीमा कायद्याने आखली तरी तिच्यावर पहारा नसेल, तर ती पुसली जावयास वेळ लागत नाही.

हिंदुस्थानातील पहिला कायदा

हिंदुस्थानात ह्या विषयावरील पहिला कायदा १८५० सालचा एकोणिसावा होय. त्याच्या प्रस्तावनेतच त्याचा हेतू सांगितला आहे. मुलांनी, विशेषतः सार्वजनिक धर्मादायावर वाढलेल्या अनाथ व गरीब मुलांनी, एखादा धंदा शिकून मोठेपणी आपला चरितार्थ चालवावा, असा तो हेतू होता. दहा वर्षांवरील व अठरा वर्षांखालील मुलास बापाने अथवा पालकाने लेखी कराराने उमेदवार म्हणून बांधून द्यावे. मुदत सात वर्षांहून अधिक नसावी. मुलगा एकवीस वर्षांचा झाला, अथवा मुलीचे लग्न झाले, म्हणजे करार संपावा, असे त्यात ठरविले होते. अनाथ मुलाच्या बाबतीत मॅजिस्ट्रेट अथवा अनाथालयाचे व्यवस्थापक पालकाच्या जागी उभे राहू शकत. धन्याने अन्नवस्त्राची आबाळ किंवा छळ केल्यास मुलाच्या वतीने मॅजिस्ट्रेटकडे दाद मागता येई.

हा कायदा दयाबुद्धीने केलेला होता, ह्यात संशय नाही. परंतु दहा वर्षांचे मूल सात वर्षांसाठी बांधून देणे आज आपल्या न्यायबुद्धीस पटणार नाही. आणि त्यातील मोठी उणीव ही की, मुलाने काय शिकावयाचे व ते शिकून झाले की नाही हे कोण पाहणार, ह्याचे उत्तर त्यात नव्हते. काळाबरोबर लोकांची दृष्टीही बदलली. १९३३ साली मुलांचे श्रम गहाण टाकण्याविरुद्ध कायदा झाला, आणि आईबापांनी पैसे उचलून पंधरा वर्षांखालील मुलाची मजुरी लिहून देण्याचा करार निरर्थक ठरला. मुलाचे हात ही आईबापांची मालमत्ता नव्हे, हे तत्त्व अशा रीतीने कायद्यात आले.

उद्योगशाळा

कायदा आपल्या गतीने चालत असता शाळांनी काय केले, हेही पाहिले पाहिजे. मुंबईत १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. तेथे शिक्षक असलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर ह्यांनी १९१० साली औंध संस्थानातील माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली, आणि खेड्यातील माणसांस नांगराचे ओतकाम व यंत्रकाम शिकवून कारखाना उभा केला.

मिशनांनीही ह्या कामास हात घातला. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे अमेरिकन मराठी मिशनाने उद्योगशाळा चालविली; तेथील डेव्हिड चर्चिल ह्यांनी गरीब विणकरांसाठी सुधारलेला हातमाग तयार केला. केडगावच्या मुक्तिसदनात पंडिता रमाबाईंनी १८९७ व १९०० च्या दुष्काळांतून आणलेल्या मुलींस विणकाम, शिवणकाम, शेती व छापखान्याचे काम शिकविले. रमाबाईंनी केलेले बायबलाचे मराठी भाषांतर १९२४ साली तेथेच छापून निघाले. ज्या मुलींस लोक केवळ अन्नास भारभूत समजत होते, त्यांनी टाइप जुळविले, ही गोष्ट ज्यांच्या हाती पुस्तक आहे अशा प्रत्येकाने ध्यानी ठेवण्यासारखी आहे.

१९३७ साली वर्धा येथील परिषदेत महात्मा गांधींनी हस्तव्यवसायाच्या द्वारे शिक्षण देण्याची योजना मांडली. स्वातंत्र्यानंतर १९५० साली भारत सरकारने कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली, व तिच्यातूनच आजच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आपल्या बोलण्यातील 'आयटीआय', निर्माण झाल्या. परंतु संस्थेतील लेथवर शिकलेला मुलगा आणि कारखान्यातील लेथवर काम करणारा माणूस ह्यांत अंतर राहते. ते अंतर उमेदवारीनेच भरून निघते. म्हणून नव्या कायद्याची गरज पडली.

१९६१ चा अधिनियम

शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ साली संमत झाला, १ मार्च १९६२ पासून अमलात आला, आणि १८५० चा जुना कायदा त्याने निकालात निघाला. आज जो कायदा चालू आहे तो हाच. मधल्या काळात त्यात पुष्कळ दुरुस्त्या झाल्या आहेत. त्यातील मुख्य गोष्टी आम्ही येथे क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट वयाची. उमेदवार किमान चौदा वर्षांचा असला पाहिजे. धोक्याच्या उद्योगाशी संबंध असलेल्या व्यवसायात ही मर्यादा अठरा आहे.

दुसरी गोष्ट कराराची. मालक व उमेदवार ह्यांमध्ये लेखी करारपत्र झाल्याखेरीज उमेदवारी सुरूच होत नाही. उमेदवार अज्ञान असेल तर पालकाने सही करावयाची असते. हे करारपत्र सरकारने नेमलेल्या उमेदवारी सल्लागाराकडे नोंदवावे लागते. हल्ली ही नोंद सरकारी संकेतस्थळावर होते. करार मध्येच मोडला आणि दोष मालकाचा असला तर त्याने उमेदवारास भरपाई द्यावी. दोष उमेदवाराचा असला तर शिक्षणाचा खर्च त्याजकडून अथवा त्याच्या पालकाकडून मागता येतो. म्हणून करारावर सही करण्यापूर्वी तो वाचणे, हे पालकांचे पहिले कर्तव्य होय.

तिसरी गोष्ट कर्तव्यांची. मालकाने ठरलेल्या अभ्यासक्रमाप्रमाणे शिकवावे, व शिकविणारा माणूस योग्यतेचा असावा. उमेदवाराने मन लावून शिकावे, वर्गास व कामास वेळेवर हजर राहावे आणि वरिष्ठांच्या कायदेशीर आज्ञा पाळाव्या. कामाबरोबर त्या धंद्याचे पुस्तकी ज्ञानही द्यावयाचे असून, त्या पाठांसाठी कामातून मोकळीक द्यावी लागते.

चौथी गोष्ट विद्यावेतनाची. २०१९ च्या नियमांनी शिक्षणाच्या पायरीप्रमाणे महिना ५,००० ते ९,००० रुपये असे किमान विद्यावेतन ठरविले. त्यात दहावी उत्तीर्ण उमेदवारास पहिल्या वर्षी ६,००० रुपये होते, व दुसऱ्या वर्षी दहा टक्के वाढ होती. हे आकडे सुमारे ३६ टक्क्यांनी वाढवावे, अशी शिफारस केंद्रीय शिकाऊ उमेदवार परिषदेने २०२५ साली केली. सही करतेवेळी चालू दर कोणता, हे विचारून घ्यावे.

येथे एक बारीक पण मोलाचे कलम आहे. विद्यावेतन नगावारी देता येत नाही. ह्यातील मर्म विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे. नगामागे पैसा मिळू लागला म्हणजे मुलगा एकच सुटा भाग दिवसभर काढीत बसेल. त्याचा हात चपळ होईल, पण विद्या तेथेच खुंटेल. त्याचप्रमाणे सल्लागाराच्या मंजुरीवाचून उमेदवारास जादा वेळ राबविता येत नाही. कामगारांच्या आरोग्यासाठी व सुरक्षिततेसाठी जे नियम आहेत ते त्यासही लागू आहेत, आणि कामावर इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी मालकावर आहे.

पाचवी गोष्ट परीक्षेची. मुदत संपल्यावर परीक्षा होऊन प्रमाणपत्र मिळते. १८५० च्या कायद्यात जी उणीव होती ती येथे भरून निघाली. उस्तादाची शाबासकी गावापुरती चालते. प्रमाणपत्र देशभर चालते.

आरंभी हा कायदा मुख्यतः कारागिरीच्या व्यवसायांपुरता होता. १९७३ साली अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक त्यात आले, १९८६ साली व्यवसाय अभ्यासक्रमाचे विद्यार्थी आले, आणि २०१४ च्या दुरुस्तीने इतर शाखांच्या पदवीधरांसही दार उघडले. त्याच दुरुस्तीने कायदा मोडणाऱ्या मालकाची तुरुंगवासाची शिक्षा जाऊन केवळ दंड राहिला. भयाने कारखानदार उमेदवार घेण्यासच कचरतात, असे तिच्या समर्थकांचे म्हणणे होते. पहारा सैल झाला, असे टीकाकार म्हणाले.

थोडे गणित

किती उमेदवार घ्यावे, ह्याचेही प्रमाण आहे. २०१९ च्या नियमांप्रमाणे तीस अथवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेणे बंधनकारक झाले. चार ते एकोणतीस माणसे असल्यास ते ऐच्छिक ठेवले. म्हणजे दोनशे माणसांच्या कारखान्यात निदान पाच व फार तर तीस उमेदवार; चाळीस माणसांच्या कारखान्यात निदान एक व फार तर सहा.

हे गणित आमच्या वसईस लावून पाहावे. आमच्या पूर्व भागातील गाळ्यांत अनेक कारखाने दहा-पंधरा माणसांचे आहेत. म्हणजे ज्या दारांतून आमची मुले सर्वांत अधिक आत जातात, नेमकी तीच दारे बंधनाच्या बाहेर राहिली! तेथे मुलगा 'शिकाऊ' म्हणून लागतो, पण करार नाही, नोंद नाही, अभ्यासक्रम नाही. आमच्या माहितीचा एक विद्यार्थी अशाच एका गाळ्यात दोन वर्षे होता. दोन वर्षांत तो भोके पाडण्याच्या एका यंत्राशिवाय दुसऱ्या यंत्रास शिवला नाही. आणि दुसरीकडे काम मागावयास गेला तेव्हा दाखविण्यास त्याजपाशी कागदाचा एक तुकडाही नव्हता. त्याचे श्रम खोटे नव्हते. त्यांस उमेदवारीचे रूप मात्र आले नव्हते.

कायद्यातही काही कच्चे दुवे आहेत, ते लपविण्यात अर्थ नाही. कायद्याच्या दृष्टीने उमेदवार हा विद्यार्थी आहे, कामगार नव्हे. म्हणून कामगारांचे बहुतेक हक्क त्यास मिळत नाहीत. मुदत संपल्यावर त्यास नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही, आणि ती स्वीकारण्याचे बंधन त्याच्यावरही नाही. भरतीविषयी मालकाने आपले धोरण ठरवावे, एवढेच २०१४ ची दुरुस्ती सांगते. त्यामुळे एक तुकडी गेली की दुसरी आणावयाची, आणि कायम कामगाराचे काम अल्प विद्यावेतनावर उरकून घ्यावयाचे, हा मोह उत्पन्न होतो. उलट पक्षी, प्रत्येक उमेदवारास नोकरी द्यावीच असा नियम केला तर मालक उमेदवारच घेणार नाहीत, हेही खरे. दोन्ही बाजू आम्ही येथे मांडल्या आहेत. आमचे स्वतःचे मत असे की, कसोटी एकच असावी : वर्षाअखेर मुलास गेल्या वर्षी न येणारे काय येऊ लागले? ह्यास उत्तर असेल तर ती उमेदवारी. नसेल तर नाव काहीही असो, ती मजुरीच.

विद्यार्थ्यांस व पालकांस

मुंबईत माझगाव गोदीची उमेदवारी शाळा आहे, नौदलाच्या गोदीची आहे. पश्चिम रेल्वेने २०२४ साली पाच हजारांवर उमेदवारांसाठी जाहिरात काढली होती. दहावी व आयटीआय झालेल्या मुलांस ही दारे मोकळी आहेत, आणि मुलींसही तितकीच मोकळी आहेत. यंत्रास मुलगा व मुलगी हा भेद कळत नाही. तो भेद आमच्या मनांतच काय तो उरला आहे. लहान कारखान्यात जावयाचे झाले तरी हरकत नाही. चार माणसांच्या कारखान्यासही उमेदवार नोंदविण्याची मोकळीक कायद्याने दिली आहे, व २०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा काही भाग सरकार उचलते, हे पालकांनी मालकाच्या नम्रपणे नजरेस आणावे. पुष्कळ मालक हे अज्ञानाने करीत नाहीत, दुष्टपणाने नव्हे.

आत पाऊल टाकण्यापूर्वी पाच प्रश्न विचारावे : करारपत्र आहे काय? त्याची नोंद झाली काय? मला कोण व काय शिकविणार? विद्यावेतन किती व कोणत्या तारखेस? शेवटी परीक्षा व प्रमाणपत्र आहे काय? हे प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही. जो मालक खरोखर शिकवू इच्छितो, त्यास असा प्रश्न विचारणारा मुलगा आवडतोच.

आम्हां शिक्षकांकडेही एक वाटा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तरावाचून सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कसबी माणसांकडे शिकावे, असे सुचविले आहे. वसईत अशा गुरूंची वाण नाही. वाडीतील माळी, किनाऱ्यावरील होडी दुरुस्त करणारा सुतार, वालीवच्या गाळ्यातील फिटर, ह्यांच्यापाशी आमच्या फळ्यावर न मावणारी विद्या आहे. ती विद्या पुस्तकी विद्येहून हलकी, असा समज जोवर शाळेतच घर करून आहे, तोवर कोणताही कायदा उमेदवारास प्रतिष्ठा देऊ शकणार नाही.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी ज्यांस पुढे पदवी घ्यावयाची आहे, त्यांस आमचे आशीर्वाद आहेत. ज्यांस हातात हत्यार घ्यावयाचे आहे, त्यांसही तितकेच आशीर्वाद आहेत. मात्र हत्यारापूर्वी करारपत्र हाती घ्या, ते नीट वाचा, आणि मग अशी विद्या शिका की, तुमच्या हाताखाली येणाऱ्या पहिल्या उमेदवारास ती तुम्हांस मोकळ्या मनाने देता येईल.